बिनवासाचं पाणी

"आज चहात काय घातलंस गं?" सासऱ्यांनी विचारलं, आणि शीनलचा कप तोंडाशी जाता जाता थांबला.

बिसुनबाबा चहाबद्दल काही बोलले, ही पहिलीच वेळ. फिजीतल्या सुवा शहराच्या चढउतारांवर उभा जन्म बस चालवलेला माणूस; त्यांचं चहाविषयीचं मत ती इतके दिवस कप खाली ठेवल्याच्या आवाजावरून ओळखत आली होती. तिनं वेगळं काहीच घातलं नव्हतं. तीच पत्ती, तीच दुधाची पावडर, तेच ठेचलेलं आलं. तिनं घोट घेतला. चहा खरंच चांगला होता. आलं जिभेला लागत होतं, मग साखर, मग चहाचा तुरटपणा, आणि त्याच्यामागे काही नव्हतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून प्रत्येक घोटाच्या शेवटी, जिभेच्या मुळाशी, नुकत्या पुसलेल्या दवाखान्याच्या फरशीसारखा एक वास उभा असायचा. दाराआड कुणी उभं असावं तसा. आज तिथं कुणी नव्हतं. तिनं कप ठेवला, स्वयंपाकघरातला नळ सोडला, ओंजळ धरली आणि तिच्यात नाक खुपसलं. पाणी गार होतं, स्वच्छ होतं, आणि त्याला कसलाही वास नव्हता.

त्यांचं घर पाण्याच्या प्लांटच्या अगदी खाली होतं. परसातल्या पेरूच्या फांद्या प्लांटच्या जाळीतून आत गेल्या होत्या आणि तिकडचे पेरू पहारेकरी खायचे. वर टेकडीवर डोंगरातलं गढूळ पाणी यायचं, तुरटी खाऊन हौदात निवळायचं, वाळूतून गळायचं, शेवटी क्लोरीन पिऊन खाली शहराकडे निघायचं. आणि निघाल्यावर त्याला पहिलं घर लागायचं ते हे. त्यामुळे टेकडीवरच्या पाण्याला जेवढा वास तेवढा सगळ्या सुवात कुठे नसेल. पाहुणे पहिल्या घोटाला भुवया उंचावायचे. शीनलच्या नवऱ्याच्या, रोनीलच्या, आत्यानं तर एकदा विचारलं होतं, "तुम्ही चहा करता की त्यात पोहता?" टेकडीवरच्या माणसांनी मात्र त्या वासाशी संसार मांडला होता. संध्याकाळी झुडपाच्या मुळांची पूड पाण्यात घोळून प्यायच्या यंगोनाला तो वास खपत नाही, म्हणून घराघरांत आदल्या रात्रीच एक परात भरून उघडी ठेवायची, वर जाळीचं फडकं टाकायचं, रात्रभरात वास उडून जातो. शीनलच्या परसात आंब्याखाली अशी परात होती, शेजारच्या बुबू लितियाच्या अंगणात दुसरी. सकाळी त्या दोन परातींत दोन आकाशं असायची. लग्नानंतर आठवड्याभरातच ती परात भरून ठेवणं शीनलकडे आलं. तिला वाटलं होतं, आता आपण या घरच्या झालो.

आणि तरी पोटात नविका असताना त्याच वासानं तिला नकोसं करून सोडलं होतं. दात घासायला गेली की उमळून यायचं. रोनील हार्डवेअरच्या दुकानातून सुटला की सहकाऱ्याच्या घरून, शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून, कॅन भरून आणायचा आणि चढावर धापा टाकत म्हणायचा, "पाण्याच्या कारखान्याला लागून राहतो आणि पाणी बाहेरून आणतो, लोक हसतात मला." हसत हसतच म्हणायचा. तेव्हा अजून तो तिच्या भीतीला हसायचा, थकायचा नाही. मूल झाल्यावर तिची भीती वाढली. तिनं विद्यापीठात अर्थशास्त्र केलं होतं, वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवलं होतं, पण मुलीच्या श्वासात जरा घरघर ऐकली की तिचे पाय आपोआप दवाखान्याकडे वळायचे. तिथली नर्स आता नावही विचारायची नाही, नुसती खुर्ची पुढे सरकवायची. रोनील म्हणायचा, आमच्या घरात हवामान खातं उघडलंय, रोज वादळाचा इशारा, पाऊस मात्र पडत नाही.

पण वादळ तिनं पाहिलेलं होतं. ती मूळची दुसऱ्या बेटावरच्या लम्बासाकडची, उसाच्या मळ्यांतली. तिथं नळ नव्हता, विहीर होती. वडलांनी खोदलेली, गोड पाण्याची, सगळ्या वस्तीला जिचं कौतुक. ती आठ-नऊ वर्षांची असताना चक्रीवादळ आलं आणि रात्रीतून सगळं शिवार, गोठा, संडास एकाच पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर आईनं विहिरीत डोकावून पाहिलं होतं. पाणी निवळलं होतं. तळाचा दगड दिसत होता. आईनं पहिला तांब्या काढला, शीनलच्या भावाला, प्रणीलला दिला. तो धाकटा, त्याला आधी. त्या पाण्यालाही काही वास नव्हता. मग विषमज्वर. प्रणीलचं अंग असं तापायचं की त्याच्या उशाला बसलं तरी धग लागायची, आणि तो डोळे उघडे ठेवून कुणालाच बघत नसायचा. तो वाचला. आता ऑकलंडला असतो, पोट सुटलंय, फोनवर विनोद सांगतो, कुठलंही पाणी पितो. वाचली नाही ती आई. म्हणजे जिवंत होती, पुढे कितीतरी वर्षं होती, पण त्या दिवसापासून कुणाच्याही हातात पेला देण्याआधी तो नाकाशी नेल्याशिवाय तिचा हात पुढे यायचा नाही. पाहुण्यांसमोरसुद्धा. देवाच्या तीर्थाचासुद्धा. शीनलला त्याची लाज वाटायची. आणि सुवाला आल्यावर, या घरातल्या नळाचं पाणी पहिल्यांदा प्यायला घेताना आपलाच हात पेला नाकाशी नेतोय हे तिला दिसलं, आणि तो उग्र वास नाकात शिरताच खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. कुणीतरी या पाण्याकडे पाहून गेलंय. आपल्याआधी कुणीतरी जागं होतं. पोटात मूल असतानाचे ते महिने सोडले तर त्या वासाचा तिला कधी राग आला नाही. रोज सकाळी पहिला पेला नाकाशी धरायचा. वास आहे, म्हणजे ठीक आहे.

आज वास नव्हता. आणि चहाच्या आधी तिनं नविकाला आंघोळ घातली होती.

हे आठवलं तेव्हा ती नळापाशीच उभी होती. प्यायचं पाणी ती उकळूनच द्यायची, त्याची भीती नव्हती. पण आंघोळीच्या टबात नविका ओलं फडकं तोंडात घालून चोखते, रोज चोखते, हिरड्या शिवशिवतात म्हणून. आजही चोखलं होतं, आणि शीनलनं ते काढून घेतल्यावर पुन्हा मिळवून पुन्हा चोखलं होतं, आणि आई बघतेय असं पाहून हसली होती. तेव्हा त्या पाण्याला वास होता का? ती टबाशी वाकलेली होती, तिचं तोंड पाण्यापासून वीतभर होतं. आठवत नव्हतं. जे रोज असतं ते आहे की नाही हे कोण बघतं? मुलगी आता चटईवर पालथी पडून चमच्यानं जमीन ठोकत होती. शीनलनं तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. अर्थात गार असणार. असल्या गोष्टी दिसायला दिवस लागतात, कपाळ आधी बरेच दिवस गारच असतं.

तिनं बाबांना सांगितलं, पाण्याचा वास गेलाय. ते म्हणाले, गेला ना, बरं झालं, आणि दुसरा कप मागितला. ती म्हणाली, वर क्लोरीन घालायचं राहिलं असेल. ते म्हणाले, वर शिकलेली माणसं बसलीत. मग तिनं रोनीलला दुकानात फोन लावला. मागे कुणीतरी खिळे मोजून मागत होतं, पत्र्याचा आवाज येत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"शीनल, वास आला की तू घाबरतेस, गेला की घाबरतेस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "तुला नक्की काय हवंय, ते तरी सांग मला."

ती बरं, ठेवते, म्हणाली. फोन ठेवल्यावर तो प्रश्न घरभर तिच्या मागे फिरला. कदाचित पाण्यात वास असेलही. कदाचित तिचंच नाक गेलं असेल. बाळंतपणात माणसाचं काय काय जातं. तिनं आल्याचा तुकडा हुंगला, साबण हुंगला, नविकाचं डोकं हुंगलं. सगळं जागेवर होतं.

अंगणात बुबू लितिया परातीपाशी ओणवी उभी होती. बुबू म्हणजे आजी; ती साऱ्या टेकडीचीच बुबू होती, केस पिंजलेल्या कापसासारखे, हाताचे तळवे फावड्यासारखे. गेले काही महिने प्लांटवाल्यांनी गल्लीत खणून ठेवलं होतं, निळे पाइप टाकत होते, दारादारांत तांबडा चिखल झाला होता. तेव्हा रोज सकाळी त्या कामगारांना शिव्या देणारी बुबू आणि दुपारी त्यांना उकडलेला कसावा वाढणारी बुबू एकच होती. परवाच चर बुजवून, वर डांबर ओतून ते गेले होते, तर हिला करमेनासं झालं होतं.

"बुबू, आज पाण्याला वास येतोय तुम्हाला?" शीनलनं विचारलं. जमेल तितक्या साध्या आवाजात.

बुबूनं अंगणातला नळ सोडून ओंजळ भरली आणि तिच्यात तोंड घातलं. बराच वेळ वर काढलं नाही. "दात पडले, नाक शाबूत आहे," ती म्हणाली. "नाहीये वास. किती वर्षं रविवारी चर्चमध्ये मागत होते मी हे." मग तिनं वर पाहिलं आणि शीनलचा चेहरा दिसल्यावर तिचं हसू हळूहळू मावळलं. तिनं कारण विचारलं नाही. पदर नव्हताच, कमरेला गुंडाळलेल्या सुलूच्या टोकाला हात पुसले. "थांब, छत्री घेते," म्हणाली.

शीनलनं जॅमची बरणी धुतली, नळाखाली भरली, झाकण घट्ट लावलं. नविकाला सुलूच्या झोळीत छातीशी बांधलं. दोघी चढाला लागल्या. ताज्या डांबराची काळी पट्टी त्यांच्या दारापासून वळत वळत त्यांच्याबरोबर वर येत होती आणि मध्येच, प्लांटच्या फाटकाच्या अलीकडे, त्यांना सोडून उजवीकडे दुसऱ्या टेकडीकडे निघून गेली. शीनलनं ते पाहिलं आणि पाहिलं नाही. तिचं लक्ष बरणीकडे होतं. बरणीतलं पाणी पावलागणिक डचमळत होतं, त्यातून ऊन इकडून तिकडे जात होतं. नविका ते पकडायला हात टाकत होती. इतकं सुंदर पाणी. विहिरीतलंही असंच होतं, तळाचा दगड दिसणारं. तिच्या मनात आलं, वर जाऊन काय सांगणार आपण? की तुमच्या पाण्यात काही नाही. लोक तक्रार घेऊन येतात ती पाण्यात काहीतरी आहे म्हणून. बुबू दर वळणाला थांबत होती, छत्रीवर रेलत होती, आणि दर वेळी एकच म्हणत होती, तू पुढे हो, मी येते; आणि शीनल दर वेळी थांबत होती. परत फिरायचं असतं तर या थांब्यांमध्ये फिरता आलं असतं. पण डोळ्यांसमोर बुबूचे नळाला तोंड लावून पिणारे नातू दिसायचे, त्यांच्या हनुवट्यांवरून गळणारं पाणी.

फाटकावरचा पहारेकरी बुबूच्या नात्यातला निघाला, बहुधा असणारच होता. आत गेल्यावर शीनल क्षणभर उभीच राहिली. इतकी वर्षं रात्री उशीला कान लावला की जी घरघर ऐकू यायची, घराच्या हाडांत मुरलेली, ती इथं उघड्यावर, उन्हात, पंपांतून येत होती आणि अगदीच साधी होती. हौद पसरले होते, लांबरुंद, कठड्यांचे, आणि त्यांत पाणी इतकं संथ की ढग त्यावर चिकटवल्यासारखे वाटत होते. घरापासून हाकेच्या अंतरावर हे एवढं मोठं निवळणं रात्रंदिवस चाललेलं, आणि ती एकदाही बघायला आली नव्हती.

गमबूट घातलेली, कानामागे जास्वंद खोचलेली एक मुलगी पुढे आली. तिचं नाव माकेरेता. शीनलहून लहानच असेल. शीनलनं बरणी पुढे केली. म्हणाली, खालच्या पहिल्या घरातून आणलंय, सकाळपासून याला वास नाही. वाक्य पाठ केल्यासारखं आलं, आणि मग न ठरवलेलं एक वाक्य बाहेर पडलं: "माझ्या मुलीनं ते चोखलंय."

माकेरेता हसली नाही. तिनं बरणी घेतली, झाकण काढून एकदा स्वतः हुंगलं, आणि दोघींना एका खोलीत नेलं. तिथं बेसिनजवळ बोटाएवढ्या काचेच्या नळ्या ओळीनं उपड्या ठेवल्या होत्या. एका नळीत तिनं बरणीतलं पाणी ओतलं, कागदाच्या पुडीतली चिमूटभर पांढरी पूड टाकली, बूच लावून हलवली. "क्लोरीन असेल तर गुलाबी होईल," ती म्हणाली.

नसेल तर काय होईल हे तिनं सांगितलं नाही. पूड पाण्यात फिरत खाली येत होती. शीनलनं नविकाचं डोकं हनुवटीखाली धरलं. प्रणीलच्या उशाशी बसलेली आई तिला दिसली, आणि प्रथमच आईचा चेहरा दिसला. आजवर त्या आठवणीत नेहमी प्रणीलच असायचा. आई तापाकडे बघत नव्हती. ती कोपऱ्यातल्या तांब्याकडे बघत होती. मी पाहिलं होतं, स्वच्छ होतं, असं पुटपुटत होती, पुन्हा पुन्हा, कुणालाच नाही, तांब्याला. एवढ्याशा मुलीला ते ऐकू गेलं होतं आणि ती ते विसरली होती, किंवा विसरली नव्हती, रोज सकाळी पेला नाकाशी नेऊन त्याला उत्तर देत होती.

नळीत रंग आला. आधी वाटलं, जास्वंदीची छाया पडली असेल. मग तो तळापासून वर चढला, फिका, नविकाच्या नखांसारखा गुलाबी, आणि तिथंच राहिला.

"आहे," माकेरेता म्हणाली. नळी उजेडाकडे धरून तिनं गुलाबी छटांच्या एका पट्टीशी ताडून पाहिली. "हवं तेवढं आहे."

"मग वास?"

माकेरेता खिडकीशी गेली. तिथून सगळं शहर उतरत उतरत समुद्रापर्यंत गेलेलं दिसत होतं, आणि उजवीकडे रेवा नदीच्या बाजूला पसरलेली नवी वस्ती, पत्र्यांची चकाकी. ती म्हणाली, आम्ही इथून क्लोरीन घालतो ते तिकडच्या अगदी शेवटच्या नळापर्यंत थोडंतरी उरावं म्हणून. वाटेत ते उडत जातं. तिकडे नावापुरतं पोचायचं, म्हणून इथं सुरुवातीला भरपूर. तुमचं घर पहिलं, म्हणून सगळा वास तुमच्या वाट्याला. आता नवा पाइप टाकलाय ना गल्लीत, त्यानं तुमचं पाणी थेट इथून येत नाही. पलीकडच्या टेकडीवरच्या टाकीत जातं, तिथं मुरतं, मग येतं. कालच पाणी सोडलं. "इतकी वर्षं तुम्ही शेवटच्या घराचा वास सोसलात," ती म्हणाली. "आम्ही मीटिंगमध्ये सांगितलं होतं की हे सगळं. चर्चच्या हॉलमध्ये."

"कुणाला सांगितलं?" बुबूनं विचारलं.

"तुमच्या टेकडीवरची पुरुषमंडळी आली होती."

बुबूनं खुर्चीची पाठ धरली आणि अंग हलेपर्यंत हसली, आवाज न करता.

उतरताना शीनलला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटत होतंही, पण सुटल्यावर हात जसे कुठे ठेवावेत कळत नाही तसं. उद्या सकाळी पेला नाकाशी धरला तर काय सांगेल तो? वास असायचा तेव्हा तिला दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नव्हतं. आता मध्ये माणसं आली होती, एक गमबूटवाली पोर, तिच्या हातातली नळी, तिच्यानंतर पाळीवर येणारं आणखी कुणी, ज्याचं तोंडही ती कधी बघणार नाही. ती त्या शेवटच्या नळाचा विचार करत होती. तिकडेही एखादी बाई असेल. पत्र्याच्या छपराखाली, मूल कडेवर, पेला भरून घेतलेला. ती हुंगत असेल का? तिला काही वास येत नसेल, आणि तरी त्यात असेल, नावापुरतं, तेवढं पुरेसं. तिला कुठे माहीत की तिच्यासाठी इथं एका घरात चहा इतकी वर्षं बिघडत होता. शीनलला त्या बाईचा कसला तरी जिव्हाळा वाटला, माहेरच्या माणसासारखा. आईला असं कुणी नव्हतं. आईच्या आणि त्या विहिरीच्या मध्ये फक्त आईचे दोन डोळे होते.

परसात बाबा आंब्याखाली परात धुऊन पुन्हा भरत होते. भरून, वर जाळीचं फडकं टाकून, चारी कोपरे नीट करत होते.

"आता कशाला रे ती?" बुबू म्हणाली. "वास गेला ना?"

"असू दे," ते म्हणाले. "सवय आहे."

"तू गेला होतास ना मीटिंगला, चर्चच्या हॉलमध्ये?"

"गेलो होतो."

"काय सांगितलं त्यांनी?"

बाबांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला. "चहा चांगला नव्हता," म्हणाले.

शीनल आत गेली. रोनीलला फोन करायचा होता, पण काय सांगायचं ते अजून जुळत नव्हतं. पाणी ठीक आहे, एवढंच ते नव्हतं. तिनं बुबूसाठी पेला भरला, बाबांसाठी भरला, तिसरा स्वतःसाठी भरला आणि नविकाला मांडीवर घेऊन दाराच्या उंबऱ्यावर बसली. ऊन पायांपर्यंत आलं होतं. तिनं पेला नाकाशी नेला. काही नव्हतं. थोडा वेळ ती त्या काही नसण्यात तशीच थांबली, आणि मग प्यायली, अर्ध्यापर्यंत.

नविकानं दोन्ही हातांनी पेला ओढला. न उकळलेलं पाणी तिला आजवर कुणी दिलं नव्हतं. शीनलचा हात पेल्यावर घट्ट झाला. मुलीनं पेला तोंडाकडे नेला, आणि तोंडाशी नेण्याआधी, भुवया आक्रसून, फार महत्त्वाचं काम असल्यासारखं, त्यात नाक घातलं. इतकं आत घातलं की पाणी नाकात गेलं. ती शिंकली. दचकून आईकडे पाहिलं, रडावं की हसावं हे आईच्या तोंडावर शोधत. अंगणात बुबू आणि बाबा हसत होते. शीनलनं सुलूच्या टोकानं तिचं नाक पुसलं. मग पेल्यावरची बोटं एक एक करून सोडली, आणि हात पेल्याच्या खाली, तळाशी, नुसता आधाराला धरून ठेवला.

"पी," ती म्हणाली.